मक्याच्या मुलखातले हँचर

अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतले आयोवा राज्य ओळखले जाते ते मका, सोयाबीन आणि वराहपालनासाठी. राज्याची लोकसंख्या सुमारे ३२ लाख, आणि विद्यापीठाचे गाव असलेल्या आयोवा सिटीची जेमतेम पाऊण लाख. अशा ठिकाणी विद्यापीठाने १९७२ साली नदीकाठी सुमारे अडीच हजार आसनांचे हँचर सभागृह उभारले. मोठ्या शहरांतले गाजलेले कार्यक्रम आणून दाखवणे एवढेच त्याचे काम असते, तर शिकागोच्या पुढे त्याचा निभाव लागला नसता. हँचरचे वेगळेपण आहे ते नवे काम मागवण्यात. त्याला या विद्यापीठाची जुनी बैठक आहे. पदव्युत्तर पदवीसाठी प्रबंधाऐवजी स्वतःची कलाकृती, म्हणजे संगीतरचना, चित्र किंवा साहित्य, सादर करण्याची मुभा त्याने १९२२ मध्येच दिली, आणि असे करणारे ते अमेरिकेतले पहिले विद्यापीठ मानले जाते. कवी दिलीप चित्रे १९७५ मध्ये ज्या आंतरराष्ट्रीय लेखक कार्यक्रमासाठी गेले, तोही याच विद्यापीठाचा.

नवे काम मागवण्याचे सर्वांत बोलके उदाहरण २००२ सालचे. इथले भौतिकशास्त्रज्ञ डॉन गर्नेट यांनी व्हॉयेजर अंतराळयानांवर प्लाझ्मा लहरी टिपणारी उपकरणे बसवली होती. त्या लहरींची नोंद कानाला ऐकू येईल अशा ध्वनीत आणली की शीळ, करकर, किलबिल असे काहीबाही ऐकू येते. संगीतकार टेरी रायली यांनी हे आवाज घेऊन क्रोनोस क्वार्टेटसाठी ‘सन रिंग्ज’ रचले. चार तंतुवाद्ये, मोठा गायकवृंद आणि ग्रहांजवळून आलेले आवाज यांचा तो मेळ पहिल्यांदा रंगला हँचरमध्येच. प्रयोगशाळा आणि रंगमंच एकाच आवारात असल्याशिवाय असे सहसा जुळून येत नाही. शहरातल्या व्यावसायिक थिएटरला तिकिटांचा हिशेब आधी मांडावा लागतो. विद्यापीठाला थोडी उसंत असते.

यावर आक्षेप येतो की हे सगळे मूठभर रसिकांसाठी, आणि तेही सार्वजनिक पैशातून. आक्षेप अगदीच पोकळ नाही; क्वार्टेट ऐकायला सगळा गाव लोटत नाही. पण जॉफ्री बॅलेचा ‘बिलबोर्ड्स’ १९९३ मध्ये इथेच पहिल्यांदा सादर झाला, आणि तो तर प्रिन्सच्या पॉप गाण्यांवर बेतलेला होता. म्हणजे नवे काम म्हणजे दुर्बोध काम, असे हँचरने कधी मानले नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. जून २००८ च्या महापुरात आयोवा नदीचे पाणी हँचरमध्ये आणि शेजारच्या संगीत विभागात शिरले. एवढे झाल्यावर पुन्हा इमारतीवर कोट्यवधी डॉलर कशाला, असे कोणीही विचारील, कारण पुढची आठ वर्षे हँचर स्वतःच्या छताविना, मिळेल त्या जागेत कार्यक्रम करत राहिले. पण संस्था तग धरते म्हणून तिला जागा नको, हा तर्क फसवा आहे. उसन्या मंचावर आयते कार्यक्रम होतात. आठवडाभर ठाण मांडून प्रकाशयोजना, गायकवृंद आणि नृत्य यांची जुळणी करायला हक्काचा मंच लागतो. खर्चाचा मोठा वाटा केंद्राच्या आपत्ती निधीतून आला. वास्तुकार सेझार पेली यांनी आखलेले नवे हँचर २०१६ मध्ये उंचावरच्या जागी उघडले, आणि संगीत विभाग नदीपासून दूर भर गावात गेला. नव्या सभागृहात आसने सुमारे १,८०० आहेत, म्हणजे पूर्वीपेक्षा सातशेच्या आसपास कमी. एवढ्या वस्तीच्या गावात नवे काम मागवत राहायचे, तर ही काटछाट योग्यच झाली.