पाच वर्षे, पाच सभा

सोसायटीच्या चेअरमनपदाविषयीचे चार गैरसमज आणि वस्तुस्थिती

नवा चेअरमन पहिल्याच महिन्यात कामांची यादी करतो: गेटला रंग, जिन्यात सीसीटीव्ही, गच्चीची गळती, पार्किंगचे पट्टे. यादीतली कामं खोटी नसतात, तरी पाच वर्षांनी त्यातली निम्मी तशीच राहिलेली दिसतात आणि दोष सभासदांच्या उदासीनतेवर ढकलला जातो. महाराष्ट्रात लाखाहून अधिक गृहनिर्माण संस्था आहेत. त्यांचा कायदा आणि उपविधी नीट वाचले, तर खरी अडचण आखणीत असल्याचं लक्षात येतं. चेअरमनच्या मुदतीचं माप कामांच्या यादीत नसतं, ते सभांच्या तारखांत असतं. हे न कळण्यामागे चार गैरसमज आहेत.

गैरसमज १ : ‘चेअरमन म्हणेल ती पूर्व दिशा.’

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७२ नुसार संस्थेचा अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेकडे असतो. रोजचा कारभार समिती पाहते आणि चेअरमनची निवड ही समिती आपल्यातूनच करते. त्याला मत इतरांइतकंच, म्हणजे एक. समसमान मतं पडली तरच निर्णायक मत वापरता येतं. आदर्श उपविधींनी त्याला देखरेख, नियंत्रण आणि मार्गदर्शनाचे अधिकार दिले आहेत. तातडीच्या प्रसंगी तो समितीचे अधिकारही वापरू शकतो, पण कारणं लेखी नोंदवून आणि पुढच्या समिती सभेत त्या निर्णयाला मंजुरी घेऊन. रविवारी रात्री पाण्याचा पंप जळाला आणि सोमवारी सकाळी नवा बसवला, तर ते या तरतुदीत बसतं. दिवाळी जवळ आली म्हणून अख्ख्या इमारतीच्या रंगकामाची ऑर्डर देणं बसत नाही. ‘इतकं विचारत बसलं तर काम कधी व्हायचं?’ हा आक्षेप नेहमी ऐकू येतो. त्याचं उत्तर व्यवहारात मिळतं. ठरावाशिवाय सुरू केलेल्या कामाचं बिल पुढच्या सभेत अडतं, सभासद वर्गणी रोखून धरतात, तक्रार उपनिबंधकांकडे जाते. विचारण्यात वाचवलेला महिना मग खुलासे देण्यात जातो.

गैरसमज २ : ‘पाच वर्षं म्हणजे भरपूर वेळ.’

समितीची मुदत पाच वर्षांची असते आणि तिची सभा महिन्यातून निदान एकदा व्हावी लागते. म्हणजे समितीच्या साठ सभा झाल्या. परंतु मोठा खर्च किंवा जादा वर्गणी समिती परस्पर ठरवू शकत नाही. तिथे सर्वसाधारण सभाच लागते. वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते. अशा सभा मिळतात जेमतेम पाच. त्यात आपल्याकडचा पाऊस धरा. बाहेरून प्लास्टर, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, परांचीवरची कामं जून ते सप्टेंबर करता येत नाहीत. सप्टेंबरच्या सभेत ठराव झाला तर पुढचे आठ महिने कोरडे मिळतात; तिथे विषय पुढे ढकलला तर आणखी एक पावसाळा गळतीतच जातो. मोठ्या दुरुस्तीच्या पायऱ्याही ठरलेल्या आहेत: स्ट्रक्चरल ऑडिट, अंदाजपत्रक, कोटेशनं, सभेची मंजुरी, हप्त्यांनी वसुली, मग कंत्राटदार. उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षं वयाच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि तिशी ओलांडलेल्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. म्हणजे पंधरा वर्षांहून जुन्या इमारतीत प्रत्येक चेअरमनच्या वाट्याला निदान एक ऑडिट येतंच. ते पहिल्या वर्षी केलं तर दुरुस्ती त्याच्याच मुदतीत पुरी होते; चौथ्या वर्षी केलं तर अहवाल पुढच्या समितीच्या टेबलावर पडून राहतो. विशेष सर्वसाधारण सभा केव्हाही बोलावता येते, हे खरं. पण जिथे वार्षिक सभेलाच माणसं जमवताना नाकी नऊ येतात, तिथे विशेष सभांच्या भरवशावर मुदतीची आखणी करणं धोक्याचं.

गैरसमज ३ : ‘ज्याने मेंटेनन्स वाढवला नाही, तो यशस्वी चेअरमन.’

निवडणुकीत हेच आश्वासन सगळ्यात गोड लागतं. आदर्श उपविधी मात्र काही आकडे घालून देतात. जमिनीची किंमत वगळून प्रत्येक सदनिकेचा जो बांधकाम खर्च येतो, त्याच्या ०.२५ टक्के रक्कम दरवर्षी सिंकिंग फंडात आणि ०.७५ टक्के रक्कम दुरुस्ती निधीत जमा व्हायला हवी. समजा, चाळीस सदनिकांच्या इमारतीत प्रत्येकीचा बांधकाम खर्च २० लाख रुपये आहे. मग वर्षाला सिंकिंग फंडाचे दोन लाख आणि दुरुस्तीचे सहा लाख जमायला हवेत. पाच वर्षांत ४० लाख. ही वसुली न करणाऱ्या चेअरमनने सभासदांचे ४० लाख वाचवले असं वरवर दिसतं. प्रत्यक्षात त्याने तेवढं देणं पुढे ढकललेलं असतं, आणि ते कदाचित दुसऱ्याच रहिवाशांच्या गळ्यात पडतं. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यांना वाढ झेपणार कशी, हा प्रश्न रास्त आहे. पण त्यांनाच एकरकमी लाखभराची मागणी जास्त जड जाते; दरमहाचा नेमका हप्ता निदान आधीपासून ठाऊक असतो. म्हणून निधीचा विषय दुसऱ्या वार्षिक सभेत, ऑडिटचा अहवाल हाती असताना मांडावा. भिंतीतली गंजलेली सळई फोटोत दिसली की चर्चा आपोआप खर्चाकडे वळते.

गैरसमज ४ : ‘सभेला माणसं कमी असली की ठराव पटकन होतात.’

गणपूर्ती झाली नाही तर सभा अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल आणि तिला गणपूर्तीची गरज राहणार नाही, ही ओळ सभेच्या नोटिशीत छापील असते. कायद्याला ते चालतं आणि अनेक चेअरमनांना सोयीचंही वाटतं. पण बारा जणांनी मंजूर केलेली वर्गणी उरलेल्या अठ्ठावीस जणांना आपली वाटत नाही, आणि थकबाकीची सुरुवात तिथूनच होते. थकबाकीदारावर वसुली दाखला मिळवता येतो. त्यात जाणारा वेळ मात्र मुदतीतूनच वजा होतो. पुनर्विकासात तर गणपूर्तीविना सभा चालवण्याचा आधारही उरत नाही. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्देशांत त्यासाठीच्या विशेष सभेला दोन-तृतीयांश सभासदांची हजेरी आणि एकूण सभासदांपैकी निदान ५१ टक्क्यांची संमती अपेक्षित आहे. एरवी कोणी सभेला यावं यासाठी धडपड केली नसेल, तर त्या दिवशी माणसं कुठून आणणार? त्यामुळे विषयपत्रिकेसोबत हिशेब आणि कोटेशनांचा तक्ता घरोघर पोचवणं, विरोधात बोलणाऱ्याचं म्हणणं इतिवृत्तात नोंदवणं, ही बिनखर्चाची कामं चेअरमनने पहिल्या वर्षापासून करायला हवीत.

एवढं ऐकून कोणीही म्हणेल, की नोकरी सांभाळून बिनपगारी काम करणाऱ्याकडून ही अपेक्षा जरा जास्तच आहे. पण सभांच्या तारखांवर आखणी केली की हेच ओझं हलकं होतं. पहिल्या सभेला ऑडिट, दुसरीला निधी, तिसरीला दुरुस्तीची मंजुरी, चौथीला त्या कामाचा हिशेब. पाचवी सभा पुढच्या समितीसाठी मोकळी ठेवावी: मंजूर नकाशा, कन्व्हेयन्सची कागदपत्रं, लिफ्टचा परवाना, विमा, मुदत ठेवींच्या पावत्या आणि अर्धवट विषयांची एक पानी यादी. नवा चेअरमन पहिल्या महिन्यात यादी करायला बसेल, तेव्हा त्याने कोरा कागद घेण्याआधी हे पान वाचावं. तेवढं जमलं, तर जुन्याची मुदत कारणी लागली असं समजावं.