मणक्यावर हात ठेवण्याआधी

कुत्रा मागचे पाय ओढत चालू लागला की सातारा-सांगलीकडच्या घरांत पहिलं निदान घरचेच करून मोकळे होतात: "मणका सरकलाय." लगेच कुणाला तरी शेजारच्या गावातला हाड बसवणारा आठवतो. अलीकडे त्याच्या जोडीला मोबाइल आला आहे. परदेशातला कुणी कायरोप्रॅक्टर एखाद्या लॅब्राडॉरच्या पाठीवर तळहात ठेवतो, एक झटका देतो, 'कट्' असा आवाज येतो आणि कुत्रा शेपूट हलवत उठतो. असं काही पाहिलं की सांगलीच्या विश्रामबागेत किंवा साताऱ्याच्या सदरबझारमध्ये कुत्रा पाळणाऱ्यालाही वाटतं, आपल्याकडे असा माणूस कुठे मिळेल? वाटणं साहजिक आहे. घरातलं मुकं जनावर कण्हत पडलेलं बघवत नाही. पण पात्र माणूस शोधायचा तर पात्रता कशात असते ते आधी ठरवायला हवं, आणि या कामातली पात्रता पहिल्यांदा निदानात दिसते. कुठली पाठ दाबायची नाही हे ज्याला ओळखता येतं, त्याच्याच हातात कुत्र्याची पाठ द्यावी.

कायरोप्रॅक्टिकची सुरुवात माणसांपासून झाली. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर यांनी १८९५ साली ती मांडली. जनावरांसाठी तिची शिस्तशीर संघटना, अमेरिकन व्हेटर्नरी कायरोप्रॅक्टिक असोसिएशन, १९८९ मध्ये उभी राहिली. तिच्या मान्यतेचा अभ्यासक्रम दोनशेहून थोड्या अधिक तासांचा असतो, पण त्याला बसण्याआधी पशुवैद्यकाची किंवा माणसांच्या कायरोप्रॅक्टिकची पूर्ण पदवी लागते. ब्रिटनमध्ये जनावरांवर हाताने उपचार करणाऱ्याला पशुवैद्याच्या निर्देशाखालीच काम करावं लागतं. म्हणजे जिथे ही विद्या रुजली तिथेही निदान केल्यावाचून पाठ दाबायची मोकळीक दिलेली नाही. त्या 'कट्' आवाजाबद्दलही सांगायला हवं, कारण लोकांचा विश्वास बसतो तो त्या आवाजावर. २०१५ साली कॅनडातल्या संशोधकांनी एमआरआय यंत्रात बोटं मोडून पाहिली. सांधा ताणला जाताच त्यातल्या द्रवात पोकळी तयार होते, आवाज त्या क्षणाचा असतो, असं दिसलं. हाड जागेवर बसल्याचा तो पुरावा धरता येत नाही.

आता आपल्याकडचा कायदा. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा आहे. त्याच्या तिसाव्या कलमानुसार नोंदणीकृत पशुवैद्यालाच पशुवैद्यकीय व्यवसाय करता येतो. पदविका किंवा प्रमाणपत्र असलेल्यांना राज्य सरकार किरकोळ सेवांची परवानगी देऊ शकतं, तीही नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली. कुत्र्यांच्या कायरोप्रॅक्टरची वेगळी नोंदवही या कायद्यात नाही. त्यामुळे कुणी भिंतीवर परदेशी प्रमाणपत्र लावलं असेल, तर त्याच्या शेजारी साडेपाच वर्षांची बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही पदवी आणि महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का, हे आधी पाहावं. आपल्याकडे हा घोळ तसा जुना आहे. श्रेणी एकच्या सरकारी दवाखान्यात पदवीधर पशुधन विकास अधिकारी असतो, श्रेणी दोनमध्ये पदविकाधारक पशुधन पर्यवेक्षक, आणि गावात दोघांनाही 'डॉक्टर'च म्हणतात. लसीकरणापुरतं ते चालून जातं. मज्जारज्जूच्या बाबतीत हा फरक कुत्र्याच्या जिवाशी येतो. कुणी म्हणेल, मालिश म्हणजे काही वैद्यकी नव्हे, तिला कसली आली नोंदणी? नुसतं अंग चोळण्यापुरतं हे मान्य आहे. पण चोळणारा "इथला मणका सरकलाय" म्हणतो तेव्हा त्याने निदान केलेलं असतं, आणि त्या निदानावर झटका देतो तेव्हा उपचार.

हे निदान किती निसरडं आहे ते नीट पाहण्यासारखं आहे. कुत्र्याच्या मानेत सात, छातीच्या भागात तेरा आणि कमरेत सात मणके असतात. छाती संपून कंबर सुरू होते तिथे सर्वाधिक भार येतो, आणि दोन मणक्यांमधली गादी फुटण्याचा धोकाही तिथेच सर्वांत जास्त. डाक्सहुंडसारख्या आखूड पायांच्या जातीत गादी लहान वयातच कडक होऊ लागते. या जातीतल्या दर चार-पाच कुत्र्यांतल्या एकाला आयुष्यात कधीतरी हा त्रास होतो. अशा वेळी मणका असतो तिथेच असतो, गादीतला चुरा मज्जारज्जूवर चढलेला असतो. तिथे झटका दिला तर उरलासुरला चुराही आत ढकलला जाऊ शकतो. पण मागचे पाय लुळे पडायची कारणं इतरही बरीच आहेत. गोचीड तापात सांधे सुजतात. डिस्टेंपरमध्ये मज्जासंस्था पोखरली जाते. जर्मन शेफर्डमध्ये मज्जारज्जूच हळूहळू झिजत जाण्याचा विकार असतो. खुब्याचा सांधा सैल असतो, गुडघ्यातला अस्थिबंध तुटलेला असतो. आणि आपल्या भागात कधीच विसरू नये असा पिसाळण्याचा रोग. त्याचा एक प्रकार चावत सुटत नाही, गप्प राहतो. मागून पाय लुळे पडत जातात, जबडा लोंबतो, लाळ गळते. अशा कुत्र्याची पाठ चोळायला बसणारा माणूस स्वतःचा जीव धोक्यात घालत असतो.

जाणकार पशुवैद्य काय करतो ते बारकाईने पाहिलं की पात्रता डोळ्यांना दिसते. तो आधी कुत्र्याला चालवतो, नखं घासल्याचा आवाज ऐकतो. मग पोटाखाली हात देऊन त्याला उभं धरतो आणि मागचा एक पंजा हलकेच उलटा करून पंजाची वरची बाजू जमिनीला टेकवतो. निरोगी कुत्रा क्षणात पंजा सरळ करतो. मज्जारज्जू दबलेल्या कुत्र्याला आपला पंजा उलटा पडलाय हेच कळत नाही, तो तसाच उभा राहतो. पायांत हालचाल उरली नसेल तर बोटाचं हाड चिमट्याने घट्ट दाबलं जातं. पाय आखडला म्हणून घरचे आनंदतात, पण ती खालच्या खाली होणारी प्रतिक्षिप्त क्रिया असते. कुत्र्याने मान वळवली, कण्हलं, तरच वेदना मेंदूपर्यंत पोहोचली असं म्हणता येतं. ती जाणीव शाबूत असेल तर शस्त्रक्रियेनंतर बहुतेक कुत्री चालू लागतात. ती गेली असेल तर आशा निम्म्याच्या आसपास उरते, आणि वेळ जाईल तशी घटते. हाड बसवणाऱ्याकडे घातलेले दोन दिवस म्हणूनच महाग पडतात.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, "पण अमक्याचा कुत्रा तिथूनच बरा झाला." तो बरा झाला हे खरं असू शकतं. कारवानीसारखा धावणारा किंवा मोठ्या बांध्याचा कुत्रा पळता पळता एकदम किंचाळतो, एका बाजूचा पाय लुळा पडतो, आणि थोड्या वेळाने दुखणंही थांबतं. गादीतला कण मज्जारज्जूच्या रक्तवाहिनीत अडकून हे होतं, आणि बरीच कुत्री पुढच्या काही आठवड्यांत आपोआप सावरतात. त्या आठवड्यांत ज्याने हात लावला त्याच्या पदरात यश पडतं. दुसरी गोष्ट आपल्या डोळ्यांची. २०१२ साली अमेरिकेत कॉन्झेमियस आणि इव्हान्स या संशोधकांनी संधिवाताच्या अशा कुत्र्यांची तपासणी प्रसिद्ध केली ज्यांना औषध म्हणून निव्वळ खोटी गोळी दिली होती. पाय किती भार घेतो हे मोजणारी पट्टी फरक दाखवत नव्हती तेव्हाही मालकांना सुधारणा दिसत होती, आणि पशुवैद्यांनाही. माया डोळ्यांना आशा दाखवते, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण म्हणूनच उपचार मोजून पाहावा लागतो. कायरोप्रॅक्टिकवर घोड्यांत थोडंबहुत काम झालं आहे, कुत्र्यांतला भक्कम पुरावा फारच तोकडा आहे. ही पद्धत निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. निदान झालं असेल, मज्जारज्जू सुरक्षित असेल, दुखणं स्नायू आखडल्याचं किंवा जुन्या संधिवाताचं असेल, तर जाणत्या हाताने आराम पडू शकतो. मोठा आक्षेप मी घेतो तो क्रम चुकवण्यावर.

एक अडचण मात्र खरी आहे. जत, आटपाडी, माण, खटावकडचा पशुवैद्य दिवसभर गायी-म्हशी-शेळ्यांत असतो. कुत्र्याच्या मणक्याची त्याला कितीशी सवय असणार? सवय कमी असेल, पण पंजा उलटा करून पाहण्याचं आणि पुढे पाठवण्याचं शिक्षण त्याच्याकडे आहे. पुढे म्हणजे कुठे, याचंही उत्तर याच भागात आहे. खंडाळा तालुक्यातल्या शिरवळला १९८८ पासून क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ज्यांच्या प्रतिसरकारच्या काळात सातारा-सांगली हा एकच जिल्हा होता, त्यांच्या नावाची ही संस्था दोन्ही जिल्ह्यांना आपली वाटावी अशीच आहे. तिथून पुण्याचा रस्ताही जवळ. हातांनी उपचार करणारा कुणी सापडलाच, तर त्याला विचारावं: आधी कुणी तपासलं, कागद बघू का, असं तुम्ही स्वतःहून विचारता का? एक्स-रेमध्ये गादी आणि मज्जारज्जू दिसत नाहीत हे तुम्हाला ठाऊक आहे का? किती बैठकांत फरक पडला नाही तर थांबाल? "दहा बैठकांचं पॅकेज आधी भरा" म्हणणाऱ्याकडे पाठ फिरवावी. माणसांच्या मणक्यावर हात बसलेला माणूसही पशुवैद्याने पाठवल्याशिवाय कुत्र्याला हात लावत असेल, तर त्याचाही विचार करू नये.

जुन्या दुखण्यात निम्मं काम घरातच होतं. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉरवर केलेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जोडीदारापेक्षा पाव हिस्सा कमी खाणारी कुत्री सरासरी पावणेदोन-दोन वर्षं जास्त जगली, आणि त्यांचा संधिवातही उशिरा आला. दूध-चपाती आणि बिस्किटांवर फुगलेल्या आपल्या लॅब्राडॉरला याहून स्वस्त उपचार नाही. गुळगुळीत फरशीवर सतरंजी किंवा गोणपाट टाकलं तरी म्हाताऱ्या कुत्र्याचे पाय फाकत नाहीत. घरातली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी मात्र चुकूनही देऊ नये, त्याने पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होतात. आणि पाय अचानक गेले असतील तर पाठीला कुणाचाही हात लागू देऊ नये. घोंगडी जमिनीवर पसरावी, कुत्र्याला पाठ न वाकवता अलगद तिच्यावर सरकवावं, दोघांनी चारी टोकं ताणून धरावीत आणि फळी ठेवलेल्या गाडीत तसंच ठेवून थेट दवाखाना गाठावा. वाटेत एकाने फोन लावून सांगावं: किती वाजता पडला, चिमटा काढल्यावर मान वळवतो का, लघवी झाली का.