विश्वप्रसाराचा कर्ता एक कीं दोन?

जालन्याच्या मस्तगडावरून पाहा अथवा पुण्यांतून, दिसणारें तारांगण हा विश्वाचा अल्पांशच होय. आजच्या मोजमापानुसार विश्वांत सामान्य द्रव्य शेंकडा सुमारें ५, अदृश्य कृष्णद्रव्य २७ व कृष्णऊर्जा ६८. ह्या ऊर्जेमुळें विश्वाचा प्रसार वाढत्या वेगानें चालला आहे, हें १९९८ सालीं दूरच्या तारकास्फोटांवरून उमगलें. विश्वारंभींहि निमिषाच्या आंत असाच प्रचंड फुगारा आला असावा, असें ॲलन गूथ ह्यांनीं १९८१ सालीं मांडलें होतें. दोहोंच्या मुळाशीं ऋण दाबच. त्यामुळें गुरुत्व ओढण्याऐवजीं ढकलूं लागतें. मग कर्ते दोन कशास?

कोल्हापुरांत जन्मलेले जयंतराव नारळीकर व त्यांचे गुरु फ्रेड हॉइल ह्यांनीं अवकाशभर व्यापलेलें ऋण ऊर्जेचें क्षेत्र कल्पून असा प्रसार गूथांच्या कितीतरी आधीं गणितांत बसविला होता. गंमत ही कीं, गूथांच्या सिद्धान्ताचे मात्र नारळीकर टीकाकारच राहिले!

१९९९ सालीं पीबल्स व व्हिलेंकिन ह्यांनीं दोन्ही कामें एकाच क्षेत्राकडे सोंपविलीं. पुण्याच्या 'आयुका' संस्थेतील वरुण साहनी ह्यांनीं लिमिन वांग ह्यांच्यासह २००० सालीं दाखविलें कीं, अशा क्षेत्राच्या आंदोलनांतून कृष्णद्रव्यासारखेंहि वर्तन निघूं शकतें. अडचण प्रमाणाची आहे. तेव्हांच्या व आतांच्या ऊर्जेच्या घनतेंत शंभराहून अधिक शून्यांचें अंतर पडतें; लग्नघरच्या चुलाणाचा जाळ निवतां निवतां नेमका निरांजनाएवढा उरावा, तसें हें!

कृष्णऊर्जा अशा क्षेत्राची असेल, तर ती काळानुसार बदलावयास हवी. ॲरिझोनांतील दुर्बिणीनें चाललेल्या 'डेसी' ह्या दीर्घिकांच्या मोजणीनें २०२४ व २०२५ सालीं ती क्षीण होत असल्याची सूचना दिली आहे. सिद्धता अद्याप व्हावयाची आहे.