हाताचे कौशल्य हीसुद्धा विद्याच

दहावीचा निकाल लागला की आमच्या बँकेच्या खिडकीपाशी पासबुक भरायला आलेले पालक हमखास एक प्रश्न विचारतात, "भाऊ, पोराला आता कुठे घालू?" आम्ही कला शाखेचे पदवीधर, व्यवसायाने कारकून. कारखान्याचे ज्ञान आम्हाला पुस्तकी नाही. ते घरातून, शेजारातून आणि खिडकीपलीकडच्या माणसांकडून मिळालेले आहे. तरीही हा प्रश्न इतक्या वेळा कानी आला, की या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचे उत्तर समाजबांधवांसमोर मांडावेसे वाटले.

ओझरच्या माणसाला कारखाना नवा नाही. १९६४ साली हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा विभाग येथे सुरू झाला, मिग-२१ विमाने तयार होऊ लागली आणि बाहेरगावी आपल्या गावाचे नावच 'ओझर मिग' पडले. पुढे मिग-२७ आणि सुखोई-३० यांचेही काम झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झाले आणि लगेच १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिक विभागात तयार झालेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए विमानाने येथूनच झेप घेतली. विमाने बदलली, यंत्रे बदलली. परंतु धातूला अचूक आकार देणाऱ्या कुशल हातांची गरज संपली नाही. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींतही तीच परिस्थिती आहे.

असे असूनही आपल्या घरांत 'हाताचे काम' म्हटले की कपाळाला आठी पडते. यामागचे कारण आम्ही जाणतो. आमचे वडील एका कारखान्यात फिटर होते. संध्याकाळी तळहात रॉकेलने पुसताना ते म्हणत, "हे माझ्या हातावर थांबू दे, तुझ्या हाती लेखणी असू दे." ज्या समाजावर पिढ्यान्‌पिढ्या कष्टाची कामे जन्मावरून लादली गेली, त्याने खुर्चीचे स्वप्न पाहिले यात नवल ते काय? वडिलांचे ते बोलणे आम्हाला चूक वाटत नाही. पण लादलेले काम आणि शिकून घेतलेले कौशल्य या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यांनी जे काम केले त्यावरूनच आम्हाला उशिरा उमगले.

हा भेद बाबासाहेबांनी फार पूर्वी ओळखला होता. १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी दाखवून दिले की जात नुसती कामे वाटत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच जन्मापासून कप्प्यांत कोंडते. याच बाबासाहेबांनी २९ ऑक्टोबर १९४२ रोजी व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात उच्च शिक्षणाबरोबर तांत्रिक शिक्षणाचीही मागणी केली आणि आपल्या मुलांना सरकारी छापखान्यांत व रेल्वेच्या कारखान्यांत शिकाऊ म्हणून घ्यावे असे सुचविले. १९४२ ते १९४६ या काळात ते मजूरमंत्री होते. ज्या कामात ज्ञान आहे, पगार आहे आणि बढती आहे, त्या कामाची दारे त्यांना उघडून हवी होती.

आता प्रत्यक्ष कौशल्य म्हणजे काय ते पाहू. आयटीआयमधील फिटरच्या मुलाला सुरुवातीला लोखंडाचा एक तुकडा देतात. तो हॅक्सॉने कापायचा, कानशीने घासायचा आणि गुण्या लावून उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचे. पालक म्हणतात, संगणकाच्या युगात हे कशाला? यातून डोळा, मनगट आणि धीर तयार होतो, हे त्याचे उत्तर आहे.

मापाचे उदाहरण घेऊ. आराखड्यावर २५ मिलिमीटरच्या छिद्राला 'एच-७' असे लिहिलेले असेल, तर ते छिद्र २५.००० ते २५.०२१ मिलिमीटर यांच्या दरम्यानच असले पाहिजे. म्हणजे सूट फक्त ०.०२१ मिलिमीटरची, माणसाचा केस साधारणपणे याच्या तिप्पट जाड असतो! शिवाय धातू उष्णतेने वाढतो. १०० मिलिमीटर लांबीचा पोलादी तुकडा २० अंशांनी तापला तर सुमारे ०.०२३ मिलिमीटरने लांब होतो. म्हणून यंत्रावरून उतरवलेला गरम जॉब लगेच मोजणारा फसतो. मोजमापासाठी २० अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान ठरवले आहे ते यामुळेच.

सीएनसी यंत्र संगणकाच्या आज्ञेवर चालते हे खरे. पण जॉब घट्ट व सरळ पकडणे, हत्याराचे माप यंत्राला देणे, आवाजावरून हत्यार बोथट झाल्याचे ओळखणे ही कामे माणसाचीच. लेथवर व्यास ०.०४ मिलिमीटरने जास्त आला, तर ऑफसेटमध्ये तेवढी वजाबाकी करावी लागते. चुकून अधिक केले तर पुढचा नग आणखी जाड येतो. यंत्र चूक सुधारत नाही, सांगितलेली चूक ते इमानेइतबारे पुन्हा पुन्हा करते.

विमानाच्या कामात जबाबदारी आणखी वाढते. पत्र्यावरचा लहानसा ओरखडा पुढे तडा जाण्याचे कारण होऊ शकतो. काम संपल्यावर प्रत्येक हत्यार मोजून जागेवर ठेवावे लागते, कारण आत विसरलेला एक पानाही विमानाला घातक ठरतो. कोणी काय केले याची सहीनिशी नोंद राहते. अशा कामाला अडाण्याचे काम कोण म्हणेल?

येथे एक घरचा अनुभव सांगणे भाग आहे. आमच्या भाच्याने एका खासगी वर्गात भरमसाट फी भरून तीन महिन्यांचा सीएनसीचा कोर्स केला. सगळे शिक्षण पडद्यावर. यंत्राला हात लावायला मिळालाच नाही. मुलाखतीत त्याच्या हाती मायक्रोमीटर दिला, तो त्याला वाचता आला नाही. प्रमाणपत्र घेऊन पोरगा घरी आला आणि दोन दिवस जेवला नाही. फीसाठी बहिणीने सोने गहाण ठेवले होते, आणि त्या कर्जाचा कागद आम्हीच भरून दिला होता. चौकशी न करता कागद भरला, याची बोच आजही आहे. पुढे तो आयटीआयला गेला, दोन वर्षे टर्नरचा अभ्यास केला आणि शिकाऊ उमेदवारी पूर्ण केली. आज तो स्वतः यंत्र लावतो.

म्हणून पालकांना आमच्या काही सूचना आहेत :

१) आयटीआयचे प्रवेश राज्यात ऑनलाइन होतात. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, टूल अँड डाय मेकर हे दोन वर्षांचे, तर वेल्डर हा एक वर्षाचा व्यवसाय आहे. मुलाचा कल पाहून निवड करावी.

२) आयटीआयनंतर शिकाऊ उमेदवारी टाळू नये. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने विद्यावेतन मिळते. २०१९ पासून तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेणे बंधनकारक आहे. अनुसूचित जातींसाठी राखीव जागांची तरतूद याच कायद्यात १९७३ साली झाली.

३) जातीचा व उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच काढून ठेवावा. बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० साली मिळाल्या, पण दाखल्याअभावी त्या हातच्या जातात. शाळेचा दाखला, आधार आणि बँक खाते यांवरील नाव एकच असावे. केवळ नावातील फरकामुळे विद्यावेतन अडकलेली मुले आम्ही खिडकीपाशी ताटकळताना पाहतो.

४) खासगी वर्गाची फी भरण्यापूर्वी यंत्रे चालू आहेत काय आणि प्रत्येक मुलाला ती किती तास मिळतात, हे स्वतः जाऊन पाहावे.

५) शिक्षण आयटीआयपाशी थांबत नाही. तेथून पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्येही हत्यारे व साचे बनविण्याचे प्रशिक्षण मिळते.

६) मुलींना यातून वगळू नये. सीएनसी आणि मोजमापाच्या कामात बळापेक्षा एकाग्रता लागते.

शेवटी मंडळाला एक विनंती. आपल्या वस्तीत निवृत्त फिटर, टर्नर, तपासनीस पुष्कळ आहेत. त्यांच्या अंगातील विद्या त्यांच्याबरोबर घरी बसून आहे. विहाराच्या अभ्यासिकेत एक व्हर्नियर, एक मायक्रोमीटर आणि काही आराखडे ठेवावेत, आणि रविवारी दोन तास या वडीलधाऱ्यांनी मुलांना शिकवावे. खर्च फार नाही. आमच्या वडिलांना असे कोणी बोलावले नाही. त्यांचा कानशींचा डबा आमच्या माळ्यावर तसाच आहे. तो आम्ही या अभ्यासिकेला देऊ इच्छितो.

जय भीम!