गल्ल्यातील नाण्यांची पारख

गल्ला मोजताना एखादे नाणे विचित्र दिसले, की ‘हे खोटे’ म्हणून ते बाजूला टाकले जाते किंवा ‘हे लाखमोलाचे’ म्हणून जपले जाते. दोन्ही निष्कर्ष बहुधा घाईचे असतात. संग्राहक मोल देतात ते टाकसाळीत झालेल्या चुकीला. नंतर झालेली झीज, मोडतोड वा कारागिरी यांना नव्हे.

टाकसाळीत धातूच्या पट्टीतून चकत्या कापतात, त्यांची कड उचलतात आणि मग त्या दोन ठशांमध्ये दाबतात. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर कापणी आधीच्या छिद्रावर पडते व नाण्याला चंद्रकोरीसारखी खाच राहते. अशा खऱ्या नाण्यात खाचेच्या अगदी समोरची कडही बहुधा पुसट असते. कानशीने घासलेल्या नाण्यात ती ठळकच राहते. चकती ठशाखाली नीट बसली नाही, तर छाप एका बाजूस सरकून उरलेला भाग कोरा राहतो. आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले, तर पुढच्या चकतीवर त्याचीच उलटी, खोलगट प्रतिमा उमटते. दोन नाणी शिकंज्यात दाबूनही तसा आभास निर्माण करतात. परंतु त्यात मागची बाजू चेपलेली आढळते.

आणखी एक सोपी परीक्षा आहे. नाणे पुस्तकाच्या पानाप्रमाणे उलटावे. आजच्या भारतीय नाण्याची दुसरी बाजूही सरळ दिसली पाहिजे. ती स्पष्टपणे तिरपी वा उलटी असल्यास ठसा फिरलेला असतो.

वर्षाखालचे चिन्ह मात्र चूक नव्हे. चौकट मुंबईची, तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा; कोलकात्याच्या नाण्यावर चिन्हच नसते. दहा रुपयांच्या नाण्यांचे निरनिराळे नमुनेही खरेच आहेत. तोपर्यंतचे चौदाही नमुने वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले होते. ते नाकारणारा दुकानदार ग्राहकाचे खरे नाणे खोटे ठरवतो.

दुर्मीळ नाणे विकून देण्यासाठी कोणी आधी शुल्क वा कर मागितला, तर सावध व्हावे. रिझर्व्ह बँकेच्या नावाने होणाऱ्या अशा फसवणुकीविरुद्ध बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये इशारा दिला आहे. वेगळे वाटलेले नाणे घासू वा धुऊ नये, कागदी पाकिटात ठेवावे आणि जाणकारास दाखवावे. घासलेले नाणे टाकसाळीची चूक म्हणून विकणे हीदेखील फसवणूकच होय.