टू-के खेळताय? बदली स्वतः करा!

मार्केट यार्ड, गुलटेकडी, बिबवेवाडीतल्या 'एनबीए टू-के' हा बास्केटबॉलचा व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांनो, शूटिंगच्या टायमिंगवर घाम गाळता, मग कोचिंगकडे ढुंकूनही का बघत नाही?

कंट्रोलरवर डाव्या हाताला अधिक चिन्हासारखं बटण आहे. ते खाली दाबलं की बदली खेळाडू दिसतात. पण निवडलेला गडी लगेच आत येत नाही. शिट्टी वाजून खेळ थांबला की मगच. घाई असेल तर टाइमआउट घ्या.

बदली 'ऑटो'वर असली की दम आणि फाउल बघून संगणकच गडी फिरवतो. एरवी ठीक, पण शेवटच्या दोन मिनिटांत हुकमी शूटर बाकावर दिसला की डोक्याला हात! म्हणून चौथ्या क्वार्टरला कोच सेटिंगमध्ये 'मॅन्युअल' करा. मग दमाची पट्टी मात्र तुम्हीच बघायची. दमलेल्याचे सोपे शॉटही हुकतात.

एनबीएत सहाव्या फाउलला खेळाडू बाद होतो, फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांत पाचव्यालाच. पुण्याची बास्केटबॉलपटू शिरीन लिमये भारताकडून खेळली ती फिबाच्याच नियमांनी. तेव्हा संध्याकाळी खऱ्या कोर्टवर उतरणाऱ्यांनी तरी फिबाच्या नियमांची सवय राहावी म्हणून चार फाउल झालेल्याला गेममध्येही बाकावर बसवावं.