वेल्डिंग की पितळी झाळ? धुराचाही विचार करा

उन्हाळा आला की जळगाव, धुळ्यातील वेल्डिंगच्या दुकानांत गर्दी होते. पेरणीपूर्वी वखर, तिफणी दुरुस्त करायच्या असतात; पारा ४५ अंशांकडे सरकू लागताच गळके कूलरही येतात. जोड पक्का व्हावा एवढेच आपण पाहतो. पण तो कोणत्या पद्धतीने होतो, यावर कारागिराच्या छातीचे आणि डोळ्यांचे आरोग्यही अवलंबून असते.

वेल्डिंगमध्ये मूळ धातूच वितळवतात. पोलादाला त्यासाठी सुमारे १५०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. वखराच्या जाड लोखंडाला हीच पद्धत योग्य. ब्रेझिंगमध्ये, म्हणजे पितळी झाळीत, मूळ धातू वितळत नाही. गॅसच्या ज्योतीवर सुमारे ९०० अंशांना पितळेची कांडी वितळवून सांधा भरतात. तडकलेल्या बिडाच्या पंपाला ती बरी पडते.

कूलरच्या पत्र्यावर मात्र बहुधा जस्ताचा थर असतो. जस्त ९०७ अंशांना उकळते आणि त्याचा पांढरा धूर होतो. तो छातीत गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग दुखते, तोंडाला धातूची चव येते. हिवतापच वाटावा असा हा त्रास साधारण एक-दोन दिवसांत उतरतो. अशा पत्र्याला रिव्हेट मारून सांधा बुजवणे किंवा कमी उष्णतेचा कथलाचा डाग देणे चांगले.

चांदीमिश्रित काही कांड्यांत कॅडमियम असते. त्याचा धूर फुप्फुसांना सूज आणून जीवही घेऊ शकतो. युरोपीय संघाने २०११ मध्ये अशा कांड्यांवर बंदी घातली. कॅडमियम नसलेलीच कांडी वापरावी.

पुढील काळजी घ्यावी :

• काम उघड्यावर, वाऱ्याची दिशा पाहून करावे. सांध्याजवळचा रंग व जस्ताचा थर आधी काढावा.

• आर्क वेल्डिंगला गडद काचेचा मुखवटा, ब्रेझिंगला रंगीत चष्मा हवाच. मुलांना जवळ उभे करू नये.

• नाकावरच्या रुमालाने धूर अडत नाही. दूध-गूळ खाल्ल्यानेही फुप्फुसांचे रक्षण होत नाही. वेल्डिंगच्या धुराने कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये ठरवले आहे.

अशा कामानंतर ताप आला, तर डॉक्टरांना आपण दिवसभर काय काम केले ते आधी सांगावे. दम लागत असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.